पहिलं पुस्तक प्रकाशकाकडे द्यावं की स्वतः काढावं? नाशिकच्या नवलेखकांचे नेहमीचे प्रश्न

हस्तलिखितं तपासणं, प्रुफं वाचणं आणि पुस्तक छापखान्यापर्यंत पोचवणं हे माझं रोजचं काम. पहिलं पुस्तक घेऊन येणाऱ्यांत गंगापूर रोडचे निवृत्त बँक अधिकारी असतात, पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांतले शिक्षक असतात, सातपूरला कारखान्यात पाळी करून रात्री लिहिणारी मुलं असतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

थोडक्यात सांगा ना, प्रकाशक की स्वतः?

तुमचा वाचक कोण आहे आणि तो तुम्हाला थेट सापडतो का, यावर ते ठरतं.

दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या एखाद्या बागायतदाराने खरड छाटणीपासून काढणीपर्यंतचं द्राक्षबागेचं वर्षभराचं काम लिहून काढलं, तर त्याचा वाचक त्याच्या ओळखीचाच आहे. तो कृषी सेवा केंद्रात भेटतो, शेतकरी मेळाव्यात भेटतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रोज असतो. अशा पुस्तकासाठी पुण्या-मुंबईचा प्रकाशक शोधत बसायची गरज नाही. गावाचा इतिहास, घराण्याच्या आठवणी, शाळेच्या शताब्दीचा ग्रंथ यांचंही तसंच. ही पुस्तकं स्वतः काढावीत आणि चांगली काढावीत.

कादंबरीचं तसं नसतं. तिचा वाचक लातूरलाही असतो आणि सावंतवाडीलाही. त्याला तुमचं नाव माहीत नाही, तो प्रकाशकाचं नाव बघून पुस्तक हातात घेतो. कादंबरी, चरित्र, संशोधन करून लिहिलेला इतिहास, अनुवाद यांच्यासाठी आधी प्रकाशकांकडे मनापासून प्रयत्न करा. (अनुवाद असेल तर मूळ लेखकाची किंवा हक्कदाराची लेखी परवानगी पहिल्या दिवशीच मागा. ती नसताना चारशे पानं अनुवादित करून बसलेली माणसं भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.)

कवितासंग्रहाचं स्पष्ट सांगतो. नव्या कवीचा संग्रह स्वतःच्या पैशाने काढणारे प्रकाशक आज फार थोडे उरले आहेत. कवींनी सरकारी अनुदान योजना बघावी किंवा छोटी आवृत्ती स्वतः काढावी.

दोन्हींत नेमका फरक काय?

पैसे कुणाचे, हा पहिला फरक. पारंपरिक प्रकाशनात अक्षरजुळणी, संपादन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, गोदाम, वितरण हा सगळा खर्च प्रकाशक करतो आणि तुम्हाला मानधन किंवा रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे ठरलेला वाटा, देतो. पुस्तक पडून राहिलं तर नुकसान त्याचं. स्वप्रकाशनात प्रकाशक तुम्ही असता, म्हणून खर्च तुमचा, नफा तुमचा आणि गठ्ठे ठेवायला जागाही तुमचीच.

दुसरा फरक निवडीचा. प्रकाशक पुस्तक नाकारू शकतो, आणि त्या नकारातच त्याच्या नावाची किंमत आहे. स्वप्रकाशनात तुम्हाला नाही म्हणणारं कुणी नसतं, त्यामुळे ते काम करणारा एक कठोर वाचक तुम्हाला स्वतः शोधावा लागतो. शक्यतो नात्यातला नको.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित स्वीकारलं, पण खर्च मला द्यायला सांगतात. हे कुठल्या प्रकारात बसतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून उत्तर देतो.

मराठीत आज नव्या लेखकाची पुस्तकं मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने निघतात. पुस्तकावर नाव प्रकाशनसंस्थेचं असतं आणि पैसे लेखकाचे असतात. कधी सरळ सांगतात की छपाईचा खर्च द्या. कधी म्हणतात, ‘आम्ही काढतो, तुम्ही तीनशे प्रती विकत घ्या.’ कधी ‘सहकारी तत्त्व’ असा शब्द वापरतात, कधी ‘पॅकेज’. शब्द कुठलाही असो, पैसे तुम्ही देत असाल तर जोखीम तुमची आहे. आणि जोखीम तुमची असेल तर मालकीही तुमचीच असायला हवी. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती फिरतं.

या पद्धतीत पैसे दिले म्हणून कुणी फसलंच असं समजू नका. काही प्रकाशक पैसे घेऊन नेटकं काम करतात, प्रूफ चांगलं बघतात, यादीत पुस्तक ठेवतात आणि प्रदर्शनांत मांडतात. खरी फसगत होते ती लेखकाचा समज वेगळा असतो तेव्हा. त्याला वाटतं आपलं पुस्तक ‘निवडलं गेलं’, आणि घडलेलं असतं एवढंच की त्याने छपाईची ऑर्डर दिली.

माझ्या ओळखीच्या एका लेखिकेने आत्मकथनासाठी पैसे भरले. पाचशे प्रती छापल्या असं तोंडी सांगण्यात आलं आणि शंभर घरी आल्या. बाकीच्यांचं काय झालं, किती विकल्या, कुणाला दिल्या, याचा कागद कधीच मिळाला नाही. दुसऱ्या कुणाकडून नवी आवृत्ती काढायची म्हटल्यावर कळलं की सहीच्या कागदावर सर्व हक्क कायमचे प्रकाशकाच्या नावे लिहून दिलेले आहेत. पैसेही तिचे आणि हक्कही गेले.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: एकूण किती प्रती छापणार, त्यातल्या तुम्हाला किती, उरलेल्यांचा विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार आणि हक्क कुणाकडे. छापखान्याच्या बिलाची प्रतही मागा. चांगला प्रकाशक या मागणीने रागावत नाही.

पैशांचा हिशेब मांडून दाखवा.

दाखवतो. आकडे फक्त उदाहरणासाठी धरले आहेत. कागदाचे भाव बदलतात, म्हणून छपाईचा दर दोन-तीन छापखान्यांकडून लेखी मागवा आणि हेच गणित पुन्हा करा.

समजा डेमी, म्हणजे नेहमीच्या कथा-कादंबरीच्या, आकाराचं १६० पानी पुस्तक आहे, किंमत २५० रुपये, प्रती ५००. छपाई आणि बांधणी प्रतीमागे ७५ रुपये धरू, म्हणजे ३७,५०० रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, संपादन, मुखपृष्ठ मिळून २५,००० रुपये. एकूण ६२,५००.

स्वतः काढलंत आणि सगळ्या प्रती विक्रेत्यांमार्फत गेल्या, तर ४० टक्के कमिशन वजा जाऊन प्रतीमागे १५० रुपये हाती येतात. ५०० प्रतींचे ७५,०००. खर्च वजा जाता उरले १२,५००. खर्च भरून निघायलाच ४१७ प्रती विकाव्या लागतात.

आता हेच पुस्तक प्रकाशकाने त्याच्या पैशाने काढलं आणि १० टक्के रॉयल्टी ठरली, तर प्रतीमागे २५ रुपये, म्हणजे ५०० प्रतींचे १२,५००. आकडा सारखाच आला. फरक असा की इथे तुमचा एक रुपयाही अडकला नव्हता.

मग स्वप्रकाशन परवडतं कधी? थेट विक्री असेल तेव्हा. वाचकाला २० टक्के सवलतीत २०० रुपयांना पुस्तक थेट दिलं, तर खर्च ३१३ प्रतींत निघतो आणि सगळ्या प्रती गेल्या तर ३७,५०० उरतात. तुमच्याकडे विद्यार्थी आहेत, व्याख्यानं आहेत, यूट्यूब चॅनेल आहे, समाजाची किंवा व्यवसायाची संघटना आहे, तर ही थेट विक्री खरोखर होते. नुसत्या ओळखीपाळखीच्या भरवशावर होत नाही. ओळखीचे लोक पुस्तक विकत घेत नाहीत, भेट मागतात. वरच्या पहिल्या हिशेबात पन्नास भेटप्रती घाला, नफा १२,५०० वरून ५,००० वर येतो. टपाल, कुरिअर आणि तुमच्या स्कूटरचं पेट्रोल मी अजून धरलेलंच नाही.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, एवढा एक दिलासा आहे. छापखान्याच्या बिलावर मात्र कर लागलेला असू शकतो, तो दर विचारतानाच स्पष्ट करून घ्या.

किती प्रती छापाव्यात?

कमी. एकेकाळी मराठीत पहिली आवृत्ती हजार-अकराशेची असे. आता पाचशे आणि त्याहून कमी प्रतींच्या आवृत्त्या सर्रास निघतात. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात, दर थोडा चढा पडतो पण पैसा अडकत नाही. ‘हजार छापल्या तर प्रत स्वस्त पडते’ हे छापखान्याचं गणित बरोबर आहे, पण न विकलेली स्वस्त प्रत कुणाच्याच कामाची नाही.

प्रकाशकाकडे पुस्तक पाठवायचं कसं?

आधी त्यांची यादी वाचा. राजहंस, मौज, पॉप्युलर, मेहता, रोहन, साकेत यांच्यापैकी प्रत्येकाची निवड वेगळी आहे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (सावाना) किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात जाऊन तुमच्या पुस्तकाच्या जातकुळीची अलीकडची पुस्तकं कुणी काढली आहेत ते बघा. श्रेयपानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, संपादकाचं नावही कधी कधी मिळतं.

पाठवताना एक पानाचं पत्र, दीड-दोन पानांचा सारांश आणि दोन-तीन प्रकरणं पुरतात. पूर्ण हस्तलिखित मागितलं तरच पाठवा, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर उघडणाऱ्या अक्षरांत, पाठवा. पत्रात ‘माझ्या सर्व मित्रांना खूप आवडलं’ असं लिहू नका. पुस्तक कशाबद्दल आहे, कुणासाठी आहे आणि ते तुम्हीच का लिहू शकता, एवढं लिहा.

उत्तराला महिने लागतात. तीन महिन्यांनी एक आठवण करून देणं योग्य, दर आठवड्याला फोन नको. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवलं असेल तर तसं पत्रात नमूद करा आणि एकाचा होकार आला की इतरांना लगेच कळवा.

कथा-कविता लिहिणाऱ्यांनी पुस्तकाच्या आधी दिवाळी अंकांचा विचार करावा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नवा लेखक वाचकांसमोर येण्याची ही हक्काची जागा आहे. चार चांगल्या अंकांत कथा आल्या असतील तर प्रकाशक तुमचं पत्र वेगळ्या नजरेने वाचतो. साहित्य उन्हाळ्यातच पाठवून द्या, गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते.

नकार आला तर पुस्तक वाईट आहे असं समजायचं का?

नाही. वर्षाची यादी भरलेली असते, विषय त्यांच्या पठडीतला नसतो, त्याच विषयाचं दुसरं पुस्तक तयार असतं. पण तीन वेगवेगळ्या संपादकांनी एकच उणीव सांगितली असेल, तर ती खरी धरून पुन्हा लिहायला बसा.

सरकारी मदत मिळते का?

मिळते, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक प्रकाशित झालेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालसाहित्य, ललित आणि वैचारिक लेखन असे प्रकार त्यात येतात. हस्तलिखितं मागवण्याचं निवेदन सहसा वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीच्या आसपास निघतं. मंडळाच्या संकेतस्थळावर डिसेंबरपासून लक्ष ठेवा. तज्ज्ञ हस्तलिखित वाचतात, त्यामुळे निवड झाली तर पैशांइतकंच त्या निवडीलाही मोल असतं.

घाई करून आधी स्वतः पुस्तक काढलंत, तर या योजनेचा दरवाजा बंद होतो. कवींनो, हे विशेष लक्षात ठेवा.

पुस्तक निघाल्यावर राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. त्यासाठी प्रती वेळेत पाठवाव्या लागतात. हे काम प्रकाशकावर सोडून न देता स्वतः विचारून घ्या.

करारात काय बघायचं?

करार होतोय हीच पहिली चांगली गोष्ट. मराठीत अजूनही कितीतरी पुस्तकं तोंडी बोलण्यावर निघतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क दुसऱ्याला देण्याचा व्यवहार लेखी आणि तुमच्या सहीचा असावा लागतो. तोंडी बोलण्याने हक्क जात नाहीत.

कायद्याच्या कलम १९ मध्ये लेखकाला सांभाळणाऱ्या काही तरतुदी आहेत. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलं नसेल, तर ते पाच वर्षांसाठी दिले असं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर फक्त भारतापुरते. हक्क घेऊन प्रकाशकाने एक वर्षात त्यांचा वापरच केला नाही, तर ते त्याच्याकडे राहत नाहीत. मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं असेल तर तेच चालतं. म्हणून ‘सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा.

मुदत मागा, तीन किंवा पाच वर्षांची. किंवा एका आवृत्तीपुरता करार करा, मराठीत ही पद्धत चालते. छापील पुस्तकाचे हक्क द्या. ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, नाटक, चित्रपट, मालिका यांचे हक्क एकेक करून बोला. प्रकाशक स्वतः ऑडिओबुक काढणार नसेल तर तो हक्क त्याला कशासाठी हवा, हे नम्रपणे विचारा. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हे लिहून घ्या. दोन्हीकडे ‘दहा टक्के’ लिहिलेलं असतं, पण आपल्या उदाहरणात एकाचे २५ रुपये होतात आणि दुसऱ्याचे १५. हिशेब वर्षातून कधी मिळणार, तेही लिहा. आवृत्ती संपल्यावर किती काळात नवी काढायची आणि न काढल्यास हक्क परत, ही ओळ नसेल तर घालून घ्या.

नवीन लेखकाने एवढं विचारलं तर प्रकाशक पुस्तक परत करेल, अशी भीती मला अनेक जण बोलून दाखवतात. मुदतीचा आणि हिशेबाचा मुद्दा काढला म्हणून जो पुस्तक परत करतो, त्याच्याकडे ते न गेलेलंच बरं.

हस्तलिखित पाठवलं आणि कुणी चोरलं तर? आधी कॉपीराइट नोंदवावा का?

लिहून झाल्या क्षणी कॉपीराइट तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं तो टिकतो. मनाच्या समाधानासाठी नोंदवायचा असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. एरवी हस्तलिखित स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा आणि मसुद्यांच्या जुन्या फाइली जपून ठेवा.

स्वतः काढायचं ठरवलं. कामाचा क्रम कसा असावा?

आधी संपादन, मग अक्षरजुळणी, मग प्रूफ, मग पानांची मांडणी आणि सगळ्यात शेवटी मुखपृष्ठाचा कणा. लोक मुखपृष्ठापासून सुरुवात करतात, कारण ते दिसायला छान असतं. पण कण्याची जाडी एकूण पानं आणि कागद ठरल्याशिवाय कळत नाही.

अक्षरजुळणीत नाशिककडे हमखास होणारी एक अडचण सांगतो. तुम्ही मोबाइलवर किंवा गूगल डॉक्समध्ये युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं. संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारखी, युनिकोड नसलेली जुनी व्यवस्था असते. तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो आणि तिथे रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘दुसऱ्या’ आणि ‘आचार्य’ यांतला फरक यंत्राला कळत नाही. म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ मूळ मजकुराशी ओळीने ओळ ताडून बघावंच लागतं. युनिकोडवरच काम करणारा जुळारी मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, पुढे ई-बुक करताना तीच फाइल चालते.

अक्षराचा साचा निवडतानाही बघा. कित्येक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असं राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितलं आहे. हे अनेकांना क्षुल्लक वाटतं. मला वाटत नाही. मराठी पुस्तकाचं पान मराठी दिसलं पाहिजे.

शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांप्रमाणे एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्या. बोलीतलं लेखन असेल, अहिराणी किंवा बागलाणी वळणाचं, तर मुद्रितशोधकाला आधीच सांगा, नाहीतर तो तुमच्या पात्रांची भाषा ‘सुधारून’ ठेवेल. एकाच शब्दाची दोन रूपं पुस्तकभर फिरू नयेत म्हणून शब्दांची एक यादी करून त्याला द्या.

प्रुफं किमान तीनदा, आणि ती छापील कागदावर वाचा. स्क्रीनवर डोळा घसरतो. तिसरं प्रूफ तुम्ही वाचू नका, दुसऱ्याला द्या.

पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवली तर बरं पडतं, कारण डेमी आकारात एक फॉर्म (एकदम छापून घडी घातला जाणारा कागद) सोळा पानांचा असतो. मजकूर १६३ पानांवर गेला तर तीन पानांसाठी जादा फॉर्म किंवा अर्धा फॉर्म लागतो. तेव्हा एक तर तीन पानं मांडणीत बसवा, किंवा उरलेल्या जागेत परिचय, सूची असं काही उपयोगी द्या. कागद सत्तर ग्रॅमच्या खाली नको, मागची अक्षरं पुढे दिसतात. ग्रंथालयात जाणारं पुस्तक असेल तर शिवून बांधायला सांगा. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक दहा हातांतून गेलं की पानं सुटतात.

आयएसबीएन लागतो का? विकत मिळतो का?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. लागतोच असं नाही, पण ऑनलाइन विक्री, ग्रंथालयं आणि विद्यापीठीय कामासाठी हवा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. त्याचे हजारो रुपये कुणी मागत असेल तर देऊ नका. दुसऱ्याच्या नावाचा क्रमांक वापरलात तर नोंदीत प्रकाशक तोच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

ई-बुक आणि प्रिंट ऑन डिमांडचं काय?

परगावी आणि परदेशी राहणाऱ्या वाचकासाठी चांगलं. अॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर मराठी ई-बुक स्वतः चढवता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. तिथे रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवी असेल तर केडीपीच्याच ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, आणि मग नव्वद दिवसांच्या मुदतीत तेच ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. चेन्नईची नोशन प्रेस आणि बंगळुरूची पोथी डॉट कॉम या कंपन्या मागणीनुसार छापून देतात. गठ्ठे घरात पडत नाहीत, पण प्रत महाग पडते आणि वाचकाला टपालखर्च जाचतो. पुण्याच्या बुकगंगा या ऑनलाइन दुकानावर छापील आणि ई दोन्ही ठेवता येतात.

प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या अॅपवर क्रमशः कादंबरी लिहून मोठा वाचक मिळवलेली मराठी माणसं आहेत. तिथला वाचक फुकट वाचतो म्हणून त्याला कमी समजू नका, कुठल्या भागाला त्याने वाचन सोडलं ते तुम्हाला दिसतं. फक्त पुढे प्रकाशकाकडे जायचं असेल तर कादंबरी आधी ऑनलाइन पूर्ण येऊन गेली आहे हे त्याला सांगा.

नाशिकमध्ये पुस्तक विकायचं कुठे?

ग्रंथालयांपासून सुरुवात करा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत आणि मराठी पुस्तकांचा मोठा खरेदीदार तीच आहेत. त्यांची खरेदी अनुदानाच्या हप्त्यावर चालते, म्हणून बिलाचे पैसे उशिरा येतात, तयारी ठेवा. १८४० सालापासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, तालुक्यांची वाचनालयं, महाविद्यालयांची ग्रंथालयं इथे एक प्रत आणि एक पानी माहिती घेऊन स्वतः जा. ग्रंथपालाला पुस्तक वाचून आवडलं तर तो दहा वाचकांना सुचवतो. त्याच्याइतकी खरी जाहिरात दुसरी नाही.

शहरातल्या विक्रेत्यांकडे पुस्तकं ‘विक्रीनंतर हिशेब’ या बोलीवर ठेवतात. पाच-पाच प्रतींची पोच घ्या आणि महिन्याने जाऊन विचारा. पन्नास प्रती एकदम ठेवू नका, फडताळाच्या मागे जातात.

मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे कार्यक्रम, ग्रंथोत्सव, जिल्ह्यातली छोटी साहित्य संमेलनं इथे खरा वाचक येतो. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला ९४ वं अखिल भारतीय संमेलन झालं, तेव्हा ग्रंथदालनात टेबल मांडायला मिळावं म्हणून अनेक नव्या लेखकांनी मिळून जागा घेण्याचा विचार मांडला होता. तो विचार अजूनही चांगला आहे. चार-पाच स्वप्रकाशित लेखकांनी एक टेबल वाटून घेतलं तर भाडं परवडतं आणि टेबलावर पुस्तकंही पुरेशी दिसतात.

प्रकाशन समारंभ करावा का?

करायचा तर साधा करा. हॉल, हार, शाली, जेवण यांत छपाईइतका पैसा जातो आणि प्रती वीस-पंचवीस खपतात. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, शहरात इतके कार्यक्रम असतात की लोक विभागले जातात. त्या पैशांत पन्नास प्रती निवडक समीक्षकांना, संपादकांना आणि ग्रंथालयांना पाठवा.

स्वतः काढलेल्या पुस्तकाला लोक कमी लेखतात का?

काही जण लेखतात. पण कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ साली निघाला तो वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून काढला म्हणून. ज्याला कविता कळत होती अशा माणसाने पुढे होऊन ती वाचकांपर्यंत नेली. पैसा कुठल्या खिशातून आला, हे आज कुणी विचारत नाही. स्वप्रकाशित पुस्तकांबद्दलची नाराजी बहुतेकदा चुकांनी भरलेली प्रुफं, ओढूनताणून लिहिलेल्या प्रस्तावना आणि पानोपानी छापलेले शुभसंदेश यांमुळे असते. ते टाळा.

आधी स्वतः काढलं, मग प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढली, असं होतं का?

होतं. पहिली आवृत्ती खरोखर विकली गेली असेल आणि हक्क तुमच्याकडे असतील तर प्रकाशक विचार करतो. त्याला विक्रीची वही दाखवा. कुठल्या गावी किती प्रती गेल्या, हे तारखेसह लिहिलेली वही कुठल्याही शिफारसपत्रापेक्षा जास्त बोलते.

पुस्तक छापून आलं. आता कायद्याने काही करायचं राहतं का?

हो, आणि स्वप्रकाशित लेखक नेमकं हेच विसरतात. ग्रंथालयांना पुस्तकं पोचवण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, म्हणजे इथे तुम्ही, प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. मे २०२५ पासून पोस्टाने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही कमी दराची सेवा सुरू केली आहे. आपलं पुस्तक तिच्या नियमांत बसतं का, ते जीपीओच्या खिडकीवर विचारा. बसत नसेल तर साध्या पार्सलने पाठवा. चार पाकिटं, चार पावत्या आणि श्रेयपानावर प्रकाशकाचा व मुद्रकाचा पूर्ण पत्ता, एवढं झालं की उरलेल्या प्रती घेऊन ग्रंथालयांच्या फेरीला निघा.